लिव्हरसाठी हर्बल गोळी घ्यायची? आधी एवढं तपासा

सोनोग्राफीच्या अहवालात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असं लिहून आलं की आठवडाभरात दोन गोष्टी होतात. ओळखीतलं कुणीतरी म्हणतं, "काही नाही रे, एक गोळी आहे, लिव्हर साफ करते." आणि फोन उघडला की त्याच गोळीच्या जाहिराती पाठलाग करू लागतात. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. एएलटी, म्हणजे रक्तातली यकृताच्या इजेची खूण, ७८ आला होता, घाबरलो होतो, बाटली मागवली. तीन महिने नेमाने सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घेतली आणि पुन्हा रक्त दिलं, तर एएलटी ४९! चार जणांना ती बाटली सुचवूनही झाली.

मग एक दिवस लक्षात आलं, त्याच तीन महिन्यांत माझं सहा किलो वजन उतरलं होतं आणि दारू पूर्ण बंद होती. आता श्रेय कुणाचं? बाटलीचं, वजनकाट्याचं, की दोन्हींचं नाही? ते शोधायला बसलो आणि बरंच वाचन झालं. तेव्हा जे समजलं ते नव्याने या वाटेला आलेल्यांसाठी क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. तुमचा अहवाल तुमच्या डॉक्टरांनीच वाचायला हवा, पण त्यांच्यासमोर कोणते प्रश्न घेऊन बसायचं ते इथे मिळेल.

पायरी १: लिव्हरला झालंय काय, ते आधी कळू द्या

'ही गोळी काम करते का' हा प्रश्न अर्धवट आहे. कशावर काम करते? यकृतात चरबी साठणं, दारूमुळे झालेली इजा, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर केलेला हल्ला, पित्ताच्या नळीतला अडथळा, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम, या सगळ्यांत एएलटी वाढू शकतो. प्रत्येकाचा उपचार निराळा. हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. असा रुग्ण 'लिव्हर टॉनिक' घेत दोन वर्षं काढतो, तेव्हा त्या टॉनिकने काही अपाय केला नसला तरी नुकसान व्हायचं ते झालेलंच असतं.

अहवालातले आकडेही नीट समजून घ्या. एएलटी आणि एएसटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात झिरपतात. यकृत आपलं काम कसं करतंय ते या दोन आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची चाचणी बघतात. सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होऊन आक्रसणं) झालेल्या माणसाचा एएलटी अगदी सामान्य येऊ शकतो आणि जिममध्ये आदल्या दिवशी जड वजनं उचललेल्या धडधाकट माणसाचा वाढलेला दिसू शकतो, कारण ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात.

एक हिशेब घरच्या घरी करता येतो. त्याचं नाव फिब-४. वय गुणिले एएसटी, या उत्तराला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने भागायचं. माझं वय तेव्हा ४६, एएसटी ५२, एएलटी ७८, प्लेटलेट्स २४०. वर २३९२, खाली साधारण २१२०, उत्तर १.१३. हा आकडा १.३ च्या खाली असला तर यकृतात व्रणासारखा कडकपणा, म्हणजे फायब्रोसिस, फार पुढे गेला असण्याची शक्यता कमी. पस्तिशीच्या आत हा हिशेब विश्वासाचा नाही आणि ६५ च्या पुढे मर्यादा २ धरतात. १.३ च्या वर आला तर घाबरून बाटली मागवू नका, यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

पायरी २: 'डिटॉक्स' शब्द दिसला की पुढचं वाचू नका

यकृत म्हणजे गाळणी आणि तिच्यात कचरा अडकलाय, हे चित्र जाहिरातीने आपल्या डोक्यात बसवलं आहे. सुमारे दीड किलोचा हा अवयव परकी रसायनं अडवून ठेवत नाही. त्यांचं रूप बदलून ती लघवीतून किंवा पित्तावाटे बाहेर काढता येतील अशी करतो. फॅटी लिव्हरमधली चरबीही कचरा नाही. ती पेशींच्या आत साठवलेली ऊर्जा आहे, ती खर्च झाली की जाते. ती 'धुऊन' कशी निघेल?

आतड्यात शोषलेलं बहुतेक सगळं पोर्टल शिरेतून आधी यकृतात येतं. म्हणजे यकृतासाठी म्हणून घेतलेली कॅप्सूल आधी यकृतालाच पचवावी लागते. पायरी ४ मध्ये हे पुन्हा लागेल.

पायरी ३: वनस्पतीचं नाव घेऊन पुरावा बघा

'हर्बल' हे एक औषध नव्हे, त्यामुळे 'हर्बलने फायदा होतो का' याला उत्तरच नाही. एकेक नाव घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय मिल्क थिसलचा. जांभळ्या फुलांचं काटेरी झुडूप, त्याच्या बियांतून निघणाऱ्या घटकांच्या समूहाला सिलिमरिन म्हणतात. त्याची कीर्ती हवेतून आलेली नाही. अमॅनिटा फॅलॉइडिस या जीवघेण्या अळंबीचं विष यकृताच्या पेशीत शिरू नये म्हणून सिलिमरिनमधला सिलिबिनिन हा घटक युरोपातल्या रुग्णालयांत शिरेतून देतात. पण शिरेतून दिलेलं औषध आणि तोंडाने घेतलेली कॅप्सूल यांत फार अंतर आहे. तोंडावाटे सिलिमरिन कमीच शोषलं जातं.

कॅप्सूलचे आकडे असे. १९८९ मध्ये सिरॉसिसच्या १७० रुग्णांवरचा अभ्यास आला. चार वर्षांनी सिलिमरिन घेणाऱ्यांत ५८ टक्के जिवंत होते, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली सारख्या रूपाची गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्के. केवढी आशा! १९९८ मध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० रुग्णांवर दुसऱ्या गटाने तेच पाहिलं, तर जगण्यात काही फरक दिसला नाही. २०१२ मध्ये हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांना २४ आठवडे दिवसातून तीनदा ४२० मिलिग्रॅम, ७०० मिलिग्रॅम किंवा प्लासिबो दिलं गेलं. एएलटी ठरवलेल्या पातळीपर्यंत उतरलेले रुग्ण प्रत्येक गटात किती? ४२० वाल्यांत दोन, ७०० वाल्यांत दोन, प्लासिबोवाल्यांतही दोन.

फॅटी लिव्हरमुळे यकृताला सूज असलेल्यांवरचा २०१७ चा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. ९९ रुग्ण, ४८ आठवडे, आधी आणि नंतर बायोप्सी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणी. ठरवलेली सुधारणा सिलिमरिन गटात ३२.७ टक्क्यांत दिसली, प्लासिबो गटात २६ टक्क्यांत, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. फायब्रोसिस मात्र सिलिमरिन गटात जास्त जणांत कमी झाला होता, २२.४ विरुद्ध ६ टक्के. तेव्हा मिल्क थिसलमध्ये दम नाहीच असं मी म्हणणार नाही. पण हा दुय्यम निष्कर्ष आहे, रुग्ण कमी आहेत, मोठ्या अभ्यासात तो टिकेपर्यंत त्याच्यावर इमला चढवू नये. माझी नजर खिळली ती त्या २६ वर. रिकामी गोळी घेऊन चारातल्या एकाची बायोप्सी सुधारली! अभ्यासात नाव घातलं की माणसं जरा बरं खातात, जरा चालतात. शिवाय आपण तपासणी करतो तीच आकडा वर गेलेला असताना, त्यामुळे पुढचा आकडा आपसूक खाली येण्याकडेच कल असतो. माझ्या ७८ चं ४९ होण्यात मला बाटली दिसत होती, ते असं.

भुईआवळीची गोष्ट जवळपास तशीच. १९८८ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं की हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून ३० दिवसांच्या उपचारानंतर विषाणूचं पृष्ठप्रथिन नाहीसं झालं, प्लासिबोवर २३ पैकी एकाच्याच. जगभर खळबळ उडाली. नंतर अनेकांनी करून पाहिलं, तसा परिणाम पुन्हा मिळाला नाही. आजही काही जाहिराती १९८८ वरच थांबलेल्या असतात. अभ्यासाचं नाव सांगितलं गेलं की 'त्यानंतर कुणी परत करून पाहिलं का?' हा प्रश्न विचारायची सवय लावा, बऱ्याच बाटल्या तिथेच रिकाम्या होतात.

हळदीतल्या कर्क्युमिनचे छोटे अभ्यास फॅटी लिव्हरमध्ये एएलटी थोडा उतरल्याचं दाखवतात. पण ते थोड्या आठवड्यांचे आहेत आणि आकडा उतरला म्हणजे फायब्रोसिस थांबला असं होत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हायझिन जपानमध्ये जुनाट हिपॅटायटिससाठी इंजेक्शनने वापरलं गेलंय. तोंडाने जास्त काळ घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. आर्टिचोक, डँडेलियन वगैरे नावं मिश्रणात शोभेला असतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखा पुरावा फारसा नाही.

पायरी ४: गोळीनेच लिव्हर बिघडू शकतं, हे धरून चाला

'फायदा नाही झाला तर नाही, तोटा तर नाही ना!' हे वाक्य मीही म्हटलं होतं. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं जाळं आहे. त्यांच्या नोंदींत हर्बल आणि आहारपूरक गोळ्यांचा वाटा २००४-०५ मध्ये ७ टक्के होता, तो २०१३-१४ पर्यंत २० टक्क्यांवर गेला.

आणि यांत लिव्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांतलीच नावं भेटतात. त्याच जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ ही जनुकाची एकच ठेवण निघाली. म्हणजे बहुतेकांना ही गोळी काही करत नाही, पण काहींची घडणच अशी की त्यांचं शरीर तिला शत्रू समजतं, आणि आपण त्यांतले आहोत का हे आधी कळत नाही. जेवणातल्या चिमूटभर हळदीची ही गोष्ट नव्हे. हळद शरीरात जेमतेमच शोषली जाते, म्हणून गोळीत मिऱ्यातलं पायपरिन घालतात. १९९८ च्या एका प्रयोगात पायपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण २००० टक्के वाढलं होतं. जाहिरात हा आकडा अभिमानाने छापते. मला तो आता इशाऱ्यासारखा वाचता येतो.

ग्रीन टीच्या अर्काचंही तसंच. कपातला चहा वेगळा, अर्काची गोळी वेगळी. अर्कातल्या ईजीसीजी या घटकाचं प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं की यकृताची एन्झाइम्स वाढल्याचं दिसतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. रिकाम्या पोटी घेतलं तर शोषण आणखी वाढतं. अश्वगंधेमुळे कावीळ आणि अंगभर खाज सुटलेले ५ रुग्ण २०२० मध्ये नोंदवले गेले. त्रास गोळी सुरू केल्यावर २ ते १२ आठवड्यांत उपटला होता, पुढे सगळे बरे झाले. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये ६ रुग्णांचा अहवाल आला, त्यांत प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. त्यावर वादही झाला, पण तुम्हाला आधीच स्वयंप्रतिकाराचा आजार असेल तर या वादाचा निकाल लागायची वाट बघू नका, ती घेऊच नका. कावा, कॉम्फ्री, चॅपरल, जर्मँडर ही नावं कुठल्याही मिश्रणात दिसली तर बाटली खाली ठेवा.

सिलिमरिन या बाबतीत खरंच सौम्य आहे. अभ्यासांत त्याने यकृताला इजा केल्याचं दिसत नाही. गोची अशी की बाटलीत ते एकटं क्वचितच असतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं लिव्हरटॉक्स नावाचं मोफत संकेतस्थळ २०१२ पासून आहे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाकलं की तिने यकृताला इजा केल्याच्या नोंदी आहेत का, किती आणि कशा, ते मिळतं. भाषा इंग्रजी आणि रुक्ष आहे, तरी दहा मिनिटं द्या.

पायरी ५: बाटली हातात घ्या आणि मागची बाजू वाचा

माझी रिकामी बाटली मी अजून ठेवली आहे. पुढे मोठ्या अक्षरात 'मिल्क थिसल २५० मिग्रॅ'. मागे बारीक अक्षरात 'बियांची पूड'. सगळी मेख या दोन शब्दांत आहे. बियांच्या पुडीत सिलिमरिन साधारण दीड ते तीन टक्के असतं. म्हणजे माझ्या कॅप्सूलमध्ये ४ ते ८ मिलिग्रॅम. प्रमाणित अर्कात ते ७० ते ८० टक्के असतं, त्याच २५० मध्ये दोनशेच्या आसपास मिळालं असतं. आणि २०१२ च्या ज्या अभ्यासात काही फरक पडला नाही, त्यात लोक दिवसाला १२६० ते २१०० मिलिग्रॅम घेत होते! दोन कॅप्सूल मिळून माझ्या पोटात जात होतं जास्तीत जास्त १५.

त्याखाली 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८५० मिग्रॅ' आणि आठ वनस्पतींची यादी, कुणाचं किती ते नाही. असं मिश्रण दिसलं तर मी आता घेत नाही. काही झालंच तर आठांपैकी कुणी केलं हे कुणालाच सांगता येत नाही.

छापलेलं तरी खरं असतं का? यकृताला इजा झालेल्या रुग्णांनी आणून दिलेली उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिकांत आतला माल लेबलाशी जुळला नाही. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत सुमारे पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. अमेरिकेत औषधांची मानकं ठरवणाऱ्या यूएसपीसारख्या तटस्थ संस्थेचा शिक्का असेल तर लेबलावर लिहिलंय ते आत आहे आणि भेसळ नाही, एवढी हमी मिळते. गुण येतो की नाही, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशी उत्पादनं बाजारात आणण्याआधी ती परिणामकारक असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. म्हणूनच पुढे 'लिव्हरच्या आरोग्याला साथ' आणि मागे 'कोणत्याही रोगाचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही' असं एकाच बाटलीवर सुखाने नांदतं.

पायरी ६: तरीही घ्यायचीच असेल तर

सिरॉसिस, गरोदरपण, अवयव प्रत्यारोपण, रक्त पातळ करणारी औषधं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय नकोच. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने प्रत्यारोपणाच्या रुग्णांत सायक्लोस्पोरिनची, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची, रक्तातली पातळी पाडल्याची उदाहरणं आहेत. औषध चालू असूनही नवा अवयव धोक्यात!

बाकीच्यांनी सुरू करण्याआधी लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यावी, नाहीतर नंतरचा आकडा कशाशी ताडणार? एकच वनस्पती निवडा, प्रमाणित अर्क, लेबलावरचा डोस. सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. महिन्या-दीड महिन्याने चाचणी, मग तीन महिन्यांनी. आणि कधी थांबायचं ते आजच ठरवा. माझा नियम असा: तीन महिन्यांत फरक नाही तर बंद, आणि एएलटी प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट गेला तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे. इतर औषधांच्या यादीत डॉक्टरांना हिचंही नाव सांगा. 'ते काय औषध नाही' म्हणून आपण नेमकं हेच सांगायचं विसरतो.

पायरी ७: ज्याने फरक पडतो ते आधी करा

इथे फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच ऐकायचं नसतं. फॅटी लिव्हरमुळे सूज असलेल्या २९३ रुग्णांचा ५२ आठवड्यांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची सूज गेली, ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस मागे हटला. वरच्या एकाही वनस्पतीच्या नावावर याच्या जवळपास जाणारा आकडा नाही. दारू पीत असाल तर ती थांबवण्याला पर्यायी गोळी नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्या. फायब्रोसिस पुढे गेलेला असेल तर आता खास त्यासाठीची औषधं आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला या आजारासाठी मंजुरी मिळाली. कोणाला द्यायचं ते तज्ज्ञ ठरवतील.

गोळी चालू असताना ही लक्षणं दिसली तर

लघवी गडद चहाच्या रंगाची, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर, पुरळ नसताना अंगाला खाज, फिकट पांढुरकी शी, अन्नावरची वासनाच उडणं, उजव्या बरगडीखाली दुखणं. यांतलं काहीही दिसलं तर गोळी बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोलण्यात गोंधळ, दिवसा न आवरणारी झोप किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर थेट तातडीच्या विभागात. आणि रागाच्या भरात बाटली फेकून देऊ नका. उरलेल्या कॅप्सूल, बॅच नंबर असलेलं लेबल आणि सुरू केल्याची ती लिहून ठेवलेली तारीख सोबत न्या. आत नेमकं काय होतं, हे शोधायला डॉक्टरांकडे दुसरा धागा नसतो.